आईबाबांच्या डेस्कटॉपवर इंटरनेट कॉलसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. माझे आईबाबा सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी राहतात आणि मी कोथरूडला राहते. मोबाइल दोघांकडेही आहेत. पण बाबांना कमी ऐकू येते आणि आईला मोबाइलच्या पडद्यावर चेहरे नीट दिसत नाहीत. त्यामुळे परगावच्या माणसांशी बोलायचे ते माजघरातल्या डेस्कटॉपसमोर खुर्ची ओढून, निवांत बसून, अशी आमच्या घरची जुनी पद्धत आहे. ही सगळी घडी स्काइपवर बसलेली होती. मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद केल्यापासून ती विस्कटली आहे, कारण प्रत्येक नातेवाईक वेगळे नाव सुचवतो आणि आईबाबांना दर वेळी नवा पडदा, नवी बटणे शिकावी लागतात.

बोलायचे कोणाकोणाशी, ते सांगते. धाकटा भाऊ दुबईत आहे. भाची शिक्षणासाठी म्युनिकला आहे. साताऱ्याच्या आत्याकडे फक्त घरचा दूरध्वनी आहे आणि या वयात ती दुसरे काही घेणार नाही. शिवाय आई दर रविवारी मोडी लिपीचा वर्ग घेते. त्यात दहा-बारा जण असतात, वर्ग साधारण दीड तास चालतो आणि तिला लिहून दाखवावे लागते.

संगणक विंडोज १० चा आहे, पडद्यावर वेबकॅम लावलेला आहे, पण माइक वेगळा नाही. फायबरची जोडणी आहे. राउटर मात्र पुढच्या खोलीत आहे आणि मधली भिंत दोन हात जाड आहे. यातल्या निदान बहुतेकांसाठी चालेल असे एकच सॉफ्टवेअर मिळाले तर मला हवे आहे. पैसे मोजायला हरकत नाही, पण ते गरजेपुरतेच मोजावेत असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नारायण पेठेतून

ताई, आपण माणसांची यादी आधी दिलीत हे फार चांगले केलेत. बहुतेक लोक सॉफ्टवेअरची तुलना करत बसतात, आणि पलीकडच्या माणसाला ते वापरता येते का, हा प्रश्न शेवटी विचारतात. खरे तर निवड तिथूनच सुरू होते. आपल्या यादीत सर्वांत अडचणीचा माणूस दुबईतला आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर लेखी निरोप चालतात. आवाजाचे आणि व्हिडिओचे कॉल चालत नाहीत. तेथील दूरसंचार नियामक ज्या सेवांना परवानगी देतो त्यांत मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि झूम आहेत. काही जण व्हीपीएन (आपली जोडणी दुसऱ्या देशातून आल्यासारखी दाखवणारी सेवा) लावून व्हॉट्सॲप कॉल करण्याचा सल्ला देतील. तो कृपया मानू नये, कारण व्हीपीएनच्या आडून तिथली बंदी चुकवणे कायद्याने गुन्हा ठरू शकते आणि दंडाची रक्कम मोठी असते. नोकरीच्या देशात असलेल्या भावाला आपण त्या फंदात पाडू नये.

म्हणजे भावासाठी टीम्स किंवा झूम यांपैकी एक ठरले. मी टीम्स म्हणेन, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, स्काइपचे जुने खाते आणि पासवर्ड घालून टीम्सच्या मोफत आवृत्तीत शिरता येते, आणि जुने संपर्क व संभाषणे वेळीच हलवली असतील तर ती तिथे दिसतात. तशी असल्यास आईबाबांना ओळखीची नावे लगेच सापडतील. दुसरे कारण वेळेचे आहे. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि आता ती दोघांच्याच बोलण्यालाही लागू आहे. टीम्सवर दोघांचे बोलणे ३० तासांपर्यंत चालू शकते, आणि तिघे किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटे मिळतात. गुगल मीटची व्यवस्थाही जवळपास अशीच आहे: दोघांसाठी २४ तास, तिघांपासून पुढे ६० मिनिटे, आणि एका वेळी १०० जणांपर्यंत. मुलगा किती वेळ बोलणार हे ठरवण्याचे काम सॉफ्टवेअरकडे असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्युनिकच्या भाचीचा प्रश्न सोपा आहे. तिथे व्हॉट्सॲपसह सगळेच चालते. व्हॉट्सॲपचे संगणकावरचे ॲप फोनशी एकदा जोडले की पुढे फोन बंद असला तरी कॉल करता येतो. मात्र मूळ फोन सलग १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली सगळी उपकरणे आपोआप बाहेर पडतात, हे लक्षात ठेवावे. तरीही मी भाचीलाच टीम्सवर बोलावण्याचा आग्रह धरेन. दोन तरुण माणसांनी एक ॲप उतरवून घेणे सोपे असते. दोन वृद्ध माणसांनी तीन ॲपमधला फरक ध्यानात ठेवणे फार अवघड असते.

मोडीच्या वर्गाचे गणित निराळे आहे, त्याबद्दल इतर कोणी अधिक नेमके सांगू शकेल.

टापकीर गल्लीजवळ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या अनुभवात तक्रार येते ती बहुतांशी आवाजाची, आणि तिचे मूळ क्वचितच सॉफ्टवेअरमध्ये असते. आपल्या वडिलांना कमी ऐकू येते असे आपण लिहिले आहे, म्हणून या भागाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे.

डेस्कटॉपमध्ये माइक नसतो. वेबकॅममध्ये असतो, परंतु तो हातभर लांब असल्यामुळे त्याला माणसाच्या आवाजाबरोबर छताच्या पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्नही तितक्याच उत्साहाने ऐकू येतात. गोंगाट कमी करणारी यंत्रणा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. पण पंख्याचा आवाज कापताना ती शब्दांचे शेवटही कापते, आणि ‘येतो’ म्हटले की ‘येते’ म्हटले हे पलीकडच्याला कळत नाही. यावर यूएसबीचा, तोंडापाशी दांडी येणारा हेडफोन हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. गोल पिनवाला घेऊ नये, कारण जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूच्या जॅकमध्ये बऱ्याचदा खरखर येते. यूएसबी हेडफोनची आवाजाची चिप त्याच्याच अंगात असते. टापकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेत इतरत्र घेणार असाल तर वडिलांना सोबत नेऊन, त्यांच्या कानाला लावून पाहूनच घ्यावा. ते श्रवणयंत्र वापरत असतील तर कानावर दाबून बसणाऱ्या हेडफोनमुळे ते शीळ घालू लागते. अशा वेळी संपूर्ण कान झाकणारा, मोठ्या वाटीचा घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट इतक्या घरी आढळते की मुद्दाम लिहितो. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की विंडोज कित्येकदा आवाज मॉनिटरकडे पाठवू लागते, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. मग ‘नव्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज येत नाही’ अशी समजूत होते. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून आवाज कुठे जात आहे ते पाहावे, आणि सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही माइक व स्पीकर यांची नावे नेमकी निवडून ठेवावीत. ‘डीफॉल्ट’ असे ठेवू नये, कारण उद्या कोणी दुसरे काही जोडले की डीफॉल्ट बदलते.

आता जोडणीबद्दल. बोलण्याला फारसा वेग लागत नाही. आजची बहुतेक कॉलिंग सॉफ्टवेअर ओपस नावाची ध्वनिपद्धती वापरतात. ती २०१२ साली प्रमाणित झाली आणि सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही काम करू शकते. चांगल्या व्हिडिओला सेकंदाला १ मेगाबिटच्या आसपास धरले, तर एका दिशेने तासाला साधारण ४५० मेगाबाइट खर्च होतात. फायबरला हे काहीच नाही. त्रास होतो तो वेग कमी असल्यामुळे नव्हे, तर मधूनमधून आवाजाचे तुकडे गळाल्यामुळे आणि उशिरा पोहोचल्यामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे. त्यापुढे तो वाढत गेला की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात आणि मग दोघेही गप्प बसून वाट पाहतात. दोन हात जाडीच्या भिंतीपलीकडे वायफाय अगदी हेच करते. राउटरमधल्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण अशा भिंतीतून त्या फारशा पार होत नाहीत, २.४ च्या होतात, पण पेठेत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. म्हणून पुढच्या खोलीतून माजघरापर्यंत चौकटीच्या कडेने एक लॅन केबल ओढून घ्यावी. सॉफ्टवेअर बदलून जो फरक पडेल, त्याहून अधिक फरक या केबलीने पडेल.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे आपल्याला माहीत आहेच. राउटरसाठी छोटी बारा व्होल्टची बॅकअप पेटी मिळते. ती लावली म्हणजे निदान मोबाइलवरून तरी बोलणे चालू राहते.

मुक्तस्रोत

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मोडीच्या वर्गापासून मांडतो, कारण तो दर आठवड्याचा, ठरलेल्या वेळेचा आणि बाहेरच्या लोकांचा आहे.

दीड तासाच्या वर्गाला टीम्स आणि मीट यांची ६० मिनिटांची मर्यादा आड येणार. एकच पर्याय हवा म्हणून वर्ग मध्येच तोडून पुन्हा जोडायला लावणे मला योग्य वाटत नाही. विद्यार्थी त्या फटीत गळतात. जिट्सी मीट हे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांना खुली असते असे सॉफ्टवेअर आहे. त्याची सुरुवात २००३ साली स्ट्रासबूर्ग विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून झाली. त्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर अशी वेळेची मर्यादा नाही आणि काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. ब्राउझरमध्ये दुवा उघडला की झाले. ऑगस्ट २०२३ पासून वर्ग सुरू करणाऱ्याला मात्र गुगल किंवा तत्सम खात्याने ओळख द्यावी लागते. इतरांना खाते लागत नाही, आणि दहा-बारा प्रौढ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. सशुल्क खाते घेण्याआधी एखादा रविवार यावर वर्ग घेऊन पाहावा.

मोडी दाखवायची कशी, हा त्यातला खरा प्रश्न आहे. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग अक्षरे तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, एकातून एक काढत नेतात. तयार अक्षराचे चित्र दाखवून ते शिकता येत नाही; हात कुठून निघाला आणि कुठे वळला, हे दिसावे लागते. म्हणून कागदाचे फोटो पडद्यावर लावण्यापेक्षा लिहिता हात थेट दाखवावा. त्यासाठी वेगळा कॅमेरा घेण्याची गरज नाही. आईंच्या मोबाइलवरून त्याच वर्गाचा दुवा उघडावा, मोबाइल स्टँडवर कागदाच्या वर आडवा धरून बसवावा, मागचा कॅमेरा निवडावा आणि त्या मोबाइलचा माइक व आवाज दोन्ही पूर्ण बंद ठेवावेत. नाहीतर दोन यंत्रे एकमेकांचा आवाज उचलतात आणि कानठळ्या बसतील असा घुमारा सुरू होतो. मोबाइल डाव्या अंगाने, किंचित पुढून लावला तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा पंजा अक्षरावर येत नाही. दिवाही डावीकडूनच हवा, म्हणजे बोरूची सावली ओल्या शाईवर पडत नाही. विद्यार्थ्यांना सांगावे की त्या चौकटीवर टिचकी मारून ती मोठी करून ठेवा. आई संगणकावरून बोलतील आणि मोबाइलवरून लिहून दाखवतील.

आणखी एक मुद्दा संगणकाचा आहे. विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरातला संगणक विंडोज ११ घेऊ शकत असेल तर उत्तम; नसेल तर तो टाकून न देता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवता येते. मात्र मग सॉफ्टवेअर निवडताना ध्यानात ठेवावे की व्हॉट्सॲपचे आणि आता टीम्सचेही लिनक्ससाठी स्वतंत्र ॲप नाही. टीम्स ब्राउझरमधून चालवावे लागते. झूम आणि सिग्नल (व्हॉट्सॲपसारखेच निरोप व कॉलचे ॲप) यांची लिनक्स आवृत्ती मिळते. म्हणूनच मी ब्राउझरमधून चालणाऱ्या पर्यायांना झुकते माप देतो: संगणक बदलला तरी सवय बदलत नाही.

घरगुती बोलण्याच्या खासगीपणाबद्दल दोन शब्द. व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांवर कॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतो. मधल्या कंपनीलाही तो ऐकता येत नाही. टीम्स, झूम आणि जिट्सी यांवर वाटेत कुलूप असते, पण पूर्ण टोकापर्यंतचे कुलूप आपणहून चालू करावे लागते. पैशांच्या किंवा दुखण्याखुपण्याच्या गोष्टी भाचीशी बोलायच्या असतील तर त्यांना टीम्सवर ओढण्यापेक्षा सिग्नल बरे, असे मी सुचवेन.

दूरध्वनीवाले

साताऱ्याच्या आत्यांचा विषय राहून गेला आहे, तो मी घेतो.

संगणकावरच्या ॲपमधून भारतातल्या भारतात दूरध्वनीवर थेट फोन लावण्याची सोय स्काइपने १० नोव्हेंबर २०१४ पासूनच बंद केली होती. परदेशी ॲपचा कॉल आपल्या दूरध्वनीच्या जाळ्यात उतरवायला इथला परवाना लागतो. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना अशी इंटरनेट टेलिफोनी देण्याची मुभा मिळाली, परंतु आपल्या कामासाठी त्या वाटेने जायची गरज नाही. दोन सोपे मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे विंडोजमधले फोन लिंक. बाबांचा मोबाइल ब्लूटूथने संगणकाशी जोडला की संगणकाच्या पडद्यावर नंबर दाबून फोन लावता येतो. फोन जातो मोबाइलच्या सिमवरूनच, म्हणजे वेगळा खर्च नाही. आवाज मात्र संगणकाच्या हेडफोनमधून येतो, आणि आपल्या वडिलांना हवे आहे ते नेमके हेच. डेस्कटॉपला ब्लूटूथ नसेल तर बोटाच्या पेराएवढा यूएसबी डोंगल मिळतो. दुसरा मार्ग आणखी सरळ आहे. फायबरच्या पेटीच्या मागे बहुधा साध्या दूरध्वनीची पिन बसेल असा एक जॅक असतो, आणि पुष्कळ योजनांत त्यावरचे बोलणे धरलेलेच असते. जोडणी देणाऱ्या कंपनीला विचारून तो चालू करून घ्यावा आणि मोठ्या आकड्यांचा, आवाज वाढवता येणारा दूरध्वनी तिथे लावावा. आत्यांसाठी संगणक मध्ये आणूच नये, असे मला वाटते.

व्हॉट्सॲपबद्दल एक नोंद. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेशवहनाच्या ॲपना असे निर्देश दिले की ती चालू सिमशी जोडलेली असावीत आणि संगणकावरचे वेब सत्र जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावे. दर वेळी क्यूआर कोड पुन्हा दाखवणे आपल्या आईबाबांना जड जाईल, म्हणून डेस्कटॉपवर मुख्य भिस्त फोनवर अवलंबून नसलेल्या सॉफ्टवेअरवर ठेवावी, हे नारायण पेठेतल्या सदस्यांचे म्हणणे मला पटते.

आणि हे अगदी कळकळीने लिहितो. ज्येष्ठांच्या संगणकावर व्हिडिओ कॉलची सोय करताना त्यांना ‘डिजिटल अटक’ या फसवणुकीची कल्पना अवश्य द्यावी. गणवेशातला माणूस पडद्यावर येऊन कॉल तोडू नका, कोणाला सांगू नका, पैसे वळते करा, असे म्हणू लागला तर तो भामटाच असतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. कॉल बंद करून १९३० या क्रमांकावर कळवावे. व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी नंबरचे कॉल वाजू न देण्याची सोय खासगीपणाच्या सेटिंगमध्ये आहे. ती दोघांच्याही फोनवर आजच चालू करून ठेवावी.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी बोलले, त्याच्या कार्यालयात टीम्स आहेच, त्यामुळे घरच्यासाठी टीम्स ठरले. भाची तिथेच येईल आणि खासगी बोलायचे असेल तेव्हा सिग्नल वापरू. वर्गासाठी या रविवारी जिट्सी वापरून पाहणार आहोत. मोबाइलला डावीकडून टांगण्याची कल्पना आईला फार आवडली. आत्याला फायबरच्या दूरध्वनीवरूनच फोन करू. केबल ओढायला माणूस सांगितला आहे.

एक शंका उरते. हेडफोन एकाच्याच कानाला लागतो, आणि भावाचा फोन आला की आईबाबा दोघेही समोर बसतात. अशा वेळी काय करावे?

टापकीर गल्लीजवळ

त्यासाठी यूएसबीचा स्पीकरफोन मिळतो, म्हणजे बशीएवढ्या चपट्या डबीत माइक आणि स्पीकर एकत्र असतात. आपला स्पीकर काय वाजवतो आहे हे त्याला कळत असल्यामुळे तो तेवढा आवाज माइकमधून वजा करतो आणि पलीकडे प्रतिध्वनी जात नाही. सुटा स्पीकर आणि वेबकॅमचा माइक यांच्या जोडीला हे इतके नीट जमत नाही. तो टेबलावर दोघांच्या मध्ये, पण बाबांच्या अंगाला थोडा जवळ ठेवावा, खाली जाड कापड घालावे आणि बोलताना पंखा एकवर आणावा. हेडफोनही जोडलेलाच राहू द्यावा. दोन्ही यूएसबीचे असल्याने टीम्सच्या आवाजाच्या यादीत दोन्ही नावे दिसतील, आणि कोणते केव्हा निवडायचे हे आईंना एकदा दाखवून दिले की पुरे. हेडफोन खरेदी करण्यापूर्वी बाबांचे श्रवणयंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते इथे कळवले, तर वाटीच्या आकाराबद्दल अधिक नेमके सांगता येईल.